इंद्रायणीत जलपर्णीचे पीक पेरतो कोण?

मावळ तालुक्यात पाण्याच्या संबंधाने दोन प्रकारच्या ठेक्यांची चर्चा नेहमी कानावर येते. एक ठेका धरणा-तलावांतील मासेमारीचा आणि दुसरा नदीतील जलपर्णी काढण्याचा. पहिल्यात पाण्यात जे पिकले ते घेण्यासाठी ठेकेदार सरकारला पैसे मोजतो. दुसऱ्यात पाण्यात जे पिकले ते काढून फेकण्यासाठी सरकार ठेकेदाराला पैसे मोजते. ऊन तेच, पाऊस तोच, डोंगरही तोच. तरीही एका पाण्यात पीक इतके थोडे की ठेकेदार रडतो, आणि पंधरा-वीस मैलांवरच्या दुसऱ्या पाण्यात पीक इतके उदंड की ते उचलता उचलता नगरपालिका थकतात. हा फरक का पडतो, याचा विचार मावळातील व्यापारी मंडळींनी करावा असे आम्हांला वाटते. आमच्या वाचकांपैकी कित्येकजण मासळी, तांदूळ, खते, वाहतूक यांच्या धंद्यात आहेत. हा हिशेब त्यांच्या गल्ल्याशी निगडित आहे, म्हणूनच तो या पानावर घेतला आहे.

प्रथम हिशेबाची पद्धत सांगतो. पाण्यातील वनस्पतींचे उत्पादन नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या हिरवळीवरून मोजत नाहीत. एका हेक्टरवर वर्षाकाठी किती नवा वनस्पतिजन्य माल तयार झाला, तो पूर्ण वाळवून किती टन भरला, असे मोजतात. वाळवून म्हणण्याचे कारण उघड आहे. काकडी आणि गहू एकाच तराजूत तोलून कोण जास्त पिकवतो हे ठरवता येत नाही. इंग्रज शास्त्रज्ञ वेस्टलेक यांनी १९६३ साली जगभरची अशी मोजमापे एकत्र करून तुलना मांडली होती. तिच्यात तळ्याच्या पाण्यात तरंगणारे, डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म शेवाळ हेक्टरी अवघ्या दोनेक टनांवर होते. उष्ण प्रदेशातील दलदलीत मुळे चिखलात व पाने हवेत अशी उभी राहणारी लव्हाळ्याच्या जातीची झाडे मात्र पंच्याहत्तर टनांच्या घरात होती. पाण्याखाली बुडून वाढणाऱ्या वनस्पती या दोहोंच्या मधे, त्याही खालच्याच बाजूला. म्हणजे गोडे पाणी म्हटले की उत्पन्न एकसारखे, असे मुळीच नाही. तीस-पस्तीस पटींचा फरक पडतो.

कारणे समजायला कठीण नाहीत. झाडाला ऊन लागते, हवेतला कार्बन लागतो, आणि नत्र-स्फुरदासारखी खते लागतात. पाण्यात बुडालेल्या शेवाळाला ऊन थोड्या खोलीपर्यंतच मिळते, त्याखाली अंधार. त्याची खते पाण्यात विरघळलेली, तीही बहुधा अत्यल्प. उलट काठावरचे पाणकणीस किंवा देवनळ पाहा. पाय खताच्या गाळात, डोके उन्हात, वारा मोकळा, आणि पाण्याची कधी टंचाई नाही. शेतकऱ्याला स्वप्नात दिसावी अशी ही स्थिती आहे.

आता मावळाकडे येऊ. कुरवंड्याच्या बाजूला इंद्रायणी उगम पावते, तेव्हा ती खडकावरून धावणारे स्वच्छ पाणी असते. धावत्या पाण्यात शेवाळाला पाय रोवायला वेळ मिळत नाही. दगडाला चिकटलेला हिरवा-तपकिरी थर आणि वरच्या झाडांचा गळालेला पाला, एवढ्यावरच तिथले किडे व मासे जगतात. उत्पन्न थोडे, पण पाणी निर्मळ. त्यात गैर काही नाही. डोंगरातल्या ओढ्याने पीक द्यावे अशी अपेक्षाच चुकीची.

त्यानंतर येतात धरणे. मावळ हा धरणांचा तालुका आहे. टाटांची वळवण, शिरोता व लोणावळ्याची तळी खोपोलीच्या वीजघरासाठी बांधली गेली. ते वीजघर १९१५ साली सुरू झाले. आंद्रा नदीवरचे ठोकरवाडीचे धरण भिवपुरीसाठी, तेथील वीज १९२२ पासून. पूर्वेकडे भीमेला जायचे पाणी घाटाखाली कोकणात सोडून त्यावर मुंबईचे कारखाने चालवण्याची ही योजना होती. पुढे पवना, वडिवळे, आंद्रा ही सरकारी धरणे झाली. एवढे पाणी पाहून बाहेरच्या माणसाला वाटते, इथे मासळीचे केवढे भांडार असेल! प्रत्यक्षात तसे नसते.

लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला चार हजार मिलीमीटरच्या आसपास, काही वर्षी त्याहून अधिक पाऊस पडतो. तो काळ्या कातळावरून आणि शेकडो वर्षे धुतल्या गेलेल्या जमिनीवरून वाहत येतो, त्यामुळे पाण्यात क्षार कमी व खते त्याहून कमी. धरण खोल, म्हणून बराचसा भाग अंधारात. पावसाळ्यात भरते, सांडव्यावरून वाहते, आणि तयार झालेले थोडेबहुत शेवाळही त्यासोबत जाते. उन्हाळ्यात वीज, शेती व शहरांसाठी पाणी उतरवले जाते, तेव्हा काठाची पट्टी उघडी पडून तापते. जी झाडे सर्वांत जास्त पीक देतात, ती काठावर मुळे धरून राहणारी झाडे, त्यांना तिथे पिढ्यान्‌पिढ्या टिकताच येत नाही. राहते ते खोल पाण्यातले विरळ शेवाळ, म्हणजे वर सांगितलेल्या यादीतले सर्वांत खालचे नाव.

याचा परिणाम सरळ मासळीत दिसतो. जागतिक अन्न व शेती संघटनेने १९९५ साली भारतातील जलाशयांवर सुगुणन यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील हिशेबानुसार आपल्या देशातील जलाशयांचे सरासरी मत्स्योत्पादन हेक्टरी सुमारे वीस किलो होते. लहान तलावांचे पन्नासच्या आसपास आणि मोठ्या जलाशयांचे अकरा-बारा किलो. कटला, रोहू, मृगळ एकत्र सोडून, शेणखत व खाद्य देऊन राखलेल्या शेततळ्यात तोच आकडा हेक्टरी तीन ते पाच टनांपर्यंत नेता येतो. पाण्याचा पसारा पाहून मोठ्या धरणाची बोली वाढवणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. बोटुकली किती सोडली यावर सगळे गणित बसत नाही. पाण्यात त्यांना खायला किती पिकते, हा पहिला प्रश्न. मासा हवा खाऊन वाढत नाही.

असे असूनही या ‘गरीब’ पाण्याची किंमत कमी लेखू नये. टाटांच्या वीज कंपनीने वळवणच्या काठी १९७० च्या दशकापासून महाशीर माशाची पैदास चालवली आहे. ज्याला आपल्याकडे खडशी म्हणतात त्या दख्खनच्या महाशीराचे शास्त्रीय वर्णन कर्नल साईक्स याने १८३९ साली केले, तेही पुण्याच्या मुळा-मुठेतील माशावरून. आज त्या मुळा-मुठेत महाशीर शोधून सापडायचा नाही. त्याला थंड, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते, आणि असे पाणी नेहमीच खतांच्या बाबतीत गरीब असते. शिवाय पवनेचे पाणी पिंपरी-चिंचवड पिते. पिण्याच्या पाण्यात पीक न येणे हाच त्याचा नफा.

तिसरे पाणी वडगावच्या अवतीभोवती पावसाळ्यात सर्वत्र दिसते, पण त्याला कोणी जलाशय म्हणत नाही. ते म्हणजे भातखाचर. बांध घालून अडवलेले वीतभर पाणी, खाली चिखल, आणि त्यात मुळे रोवून पाने हवेत काढलेले गवत. दलदलीतल्या लव्हाळ्याची जी युक्ती, तीच भाताची. माणसाने दलदल हातात घेऊन तिच्याकडून अन्न काढले, एवढाच फरक. वडगाव मावळ येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र आहे. आंबेमोहोर १५७ आणि आय.आर. ८ यांच्या संकरातून तेथे तयार झालेला ‘इंद्रायणी’ वाण १९८७ साली प्रसारित झाला. जुन्या आंबेमोहोराचा वास बराचसा राखून उत्पन्न वाढवणारा हा वाण आज पुण्या-मुंबईच्या धान्यबाजारात नावाने विकला जातो, हे तांदळाच्या व्यापाऱ्यांना सांगायला नको. चांगल्या व्यवस्थेत हेक्टरी चाळीस क्विंटलच्या आसपास भात, आणि तितकाच किंवा थोडा अधिक पेंढा. म्हणजे साडेचार महिन्यांत आठ-नऊ टन माल. स्वच्छ तळ्यातील शेवाळ वर्षभरात जेवढे पिकते, त्याच्या चौपट.

खाचरातले पाणीही स्वस्थ बसलेले नसते. बंगालमध्ये पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवून दिले की भाताच्या पाण्यातील निळे-हिरवे शेवाळ हवेतला नत्र जमिनीत आणते. पाण्यावर तरंगणारी अझोलाही हेच काम करते, कारण तिच्या पानात तसलेच शेवाळ वस्तीला असते. अशी व्यवस्था नीट राखली तर हंगामात हेक्टरी वीस-तीस किलो नत्र मोफत मिळतो, असे कृषी खात्याचे लोक सांगत आले आहेत. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री पद्धतीत भाताचे तूस-पेंढा व गिरिपुष्पाचा पाला यांसोबत युरिया-डीएपीच्या गोळ्या चुडांच्या मधोमध चिखलात खोचतात. पाण्यावर फेकलेला युरिया पहिल्या मोठ्या सरीत बांध ओलांडून ओढ्याला जातो. खोचलेली गोळी पिकापाशी राहते. खतविक्रेत्यांनी या गोळ्या दुकानात ठेवाव्यात, त्यांत त्यांचाही फायदा आहे आणि नदीचाही.

नदीचा म्हणण्याचे कारण आता येते.

कामशेतपासून खाली वडगाव, तळेगाव, इंदोरी, देहू, आळंदी अशी इंद्रायणी जाते, आणि हिवाळा सरला की तिच्या संथ डोहांवर जलपर्णीचा गालिचा पसरू लागतो. पवनेची स्थिती रावेतच्या खाली याहून वेगळी नाही. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. जांभळ्या फुलाच्या हौसेपायी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली. ऊब आणि खत मिळाले तर तिचा पसारा आठवड्या-दोन आठवड्यांत दुप्पट होतो. पण तिची एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. तिची मुळे जमिनीत नसतात, पाण्यात लोंबत असतात. त्यामुळे चिखलातले खत तिला फारसे मिळत नाही, जे घ्यायचे ते पाण्यातूनच. म्हणूनच ती कुरवंड्याच्या ओढ्यात माजत नाही, वळवणच्या खोल पाण्यात माजत नाही आणि आळंदीला माजते. वेगळी तपासणी न करताही ती सांगते की इथल्या पाण्यात कोणीतरी खत घातले आहे.

कोणते खत, हे कॅनडातील शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात फार सोप्या रीतीने दाखवले. डेव्हिड शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओंटारिओ प्रांतातील एका लहान तळ्याच्या अरुंद कंबरेत प्लॅस्टिकचा पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. तळ्याला नाव नव्हते, फक्त २२६ हा क्रमांक होता. दोन्ही बाजूंना कार्बन व नत्र घातला. एका बाजूला त्यासोबत स्फुरदही घातले. स्फुरदाची बाजू शेवाळाने हिरवीगार झाली, दुसरी जवळजवळ होती तशीच राहिली. विमानातून घेतलेले ते छायाचित्र पाहून अनेक देशांनी साबणाच्या भुकटीतील फॉस्फेटवर बंधने आणली.

आता आपला हिशेब. माणसाच्या मलमूत्रातून दररोज माणशी एक ते दोन ग्रॅम स्फुरद बाहेर पडते. साबणाचे व खरकट्याचे वेगळे. कमीत कमी म्हणून एकच ग्रॅम धरू. दहा हजार वस्तीच्या गावाचे दररोज दहा किलो झाले. सिंगल सुपर फॉस्फेटच्या पन्नास किलोच्या गोणीत शुद्ध स्फुरद साडेतीन किलोच्या आसपास असते. म्हणजे दहा हजारांच्या गावाने गटार नदीला जोडले, तर ते रोज तीन गोणी सुपर फॉस्फेट नदीत ओतत असते. दुकानदार या गोणीचे पैसे रोख मोजून घेतो, शेतकरी ती उधारीवर नेतो, आणि तोच माल गाव रोज फुकट वाहत्या पाण्याला देते. मावळात आज गावे वाढली, सेकंड होम आले, हॉटेले, ढाबे, मंगल कार्यालये आली. प्रत्येकाचा पाइप कुठे जातो, हे त्या त्या ओढ्याकाठच्या लोकांना पक्के ठाऊक आहे.

हेच दहा किलो स्फुरद जलपर्णीने सगळे शोषून घेतले तर काय होईल? वाळलेल्या जलपर्णीत शेकडा अर्ध्याहून थोडे कमी स्फुरद असते. ढोबळ हिशेबाने दहा किलोंचा अडीच टन वाळलेला माल झाला. पण ओल्या जलपर्णीत शंभरात पंच्याण्णव भाग पाणीच असते, तेव्हा उचलायचे ओझे पन्नास टन. दहा टनी ट्रकचे पाच ट्रक, रोज, बारा महिने, एका दहा हजारांच्या गावासाठी! प्रत्यक्षात सगळे स्फुरद जलपर्णीत उतरत नाही, बरेच गाळात बसते, बरेच पुढे वाहून जाते. तरीही यंत्रे लावून, निविदा काढून हे काम कधी पुरे का होत नाही, हे या आकड्यावरून समजावे. पेरणी रोज चालू आहे आणि कापणी वर्षातून एकदा, तीही निधी आला तर. शिवाय काढलेली जलपर्णी काठावरच ढीग करून सोडलेली आम्ही ठिकठिकाणी पाहिली आहे. ती तिथे कुजते आणि पहिल्या पावसात तिचे सगळे खत परत नदीत. ठेकेदाराने काम केले, बिल निघाले, नदीच्या खात्यावर मात्र एक पैसाही जमा नाही. आणि ज्या वर्षी काढायचे राहते, त्या वर्षी जूनचा पूर तिला ढकलत भीमेकडे नेतो, तेव्हा तालुका सुटकेचा श्वास टाकतो. पुढे तुळापूरला इंद्रायणी भीमेला मिळते आणि भीमा उजनीत जाते.

उजनीचे नाव निघाले म्हणून दुसरी बाजूही सांगणे न्याय्य होईल. पुणे परिसराचे सांडपाणी वर्षानुवर्षे उजनीत उतरते, पाणी हिरवे होते, आणि त्याच सुपीक पाण्यावर मासळीही होते. भिगवणचा गोड्या पाण्याच्या मासळीचा बाजार सर्वदूर प्रसिद्ध आहे. म्हणजे पाण्याला थोडे खत मिळणे हे धंद्याच्या दृष्टीने वाईटच, असे म्हणता येणार नाही. शेततळ्यात आपण शेण टाकतो ते त्यासाठीच. पण त्याला मर्यादा आहे. शेवाळ दाट झाले की दिवसा ते प्राणवायू सोडते आणि रात्री तोच प्राणवायू स्वतः ओढून घेते. पहाटे मासे तोंड वर करून श्वास घेताना दिसले की तलाववाल्याने समजावे, पाणी फाजील श्रीमंत झाले. जलपर्णीचा गालिचा पडला तर त्याहून वाईट. खाली ऊन नाही, म्हणून शेवाळ नाही. हवा लागत नाही, म्हणून प्राणवायू नाही. वर हेक्टरी कित्येक टनांचे पीक आणि खाली माशाला खायला काही नाही. कातकरी, ठाकर आणि भोई मंडळींचे जाळे अशा पाण्यात टाकताच येत नाही. डासांचा धंदा तेवढा तेजीत.

जलपर्णीपासून वस्तू करा, कागद करा, वायू करा, खत करा, अशा सूचना दरवर्षी येतात. आसामात तिच्या वाळवलेल्या देठांच्या पिशव्या व टोपल्या होतात आणि विकल्याही जातात. बांगलादेशात गोपालगंज, पिरोजपूर, बारिसाल भागात जलपर्णीचे तराफे रचून त्यांवर भाजीपाला घेतात. या तरंगत्या बागांची जागतिक अन्न व शेती संघटनेने २०१५ साली कृषिवारसा म्हणून नोंद केली. या गोष्टी खऱ्या आहेत आणि कौतुकाच्याही आहेत. पण त्या जिथे वर्षभर पाणी व मजुरी स्वस्त आहे तिथल्या आहेत. मावळात डिझेल जाळून दहा टनांचा ट्रक हलवायचा आणि त्यातून अर्धा टन वाळका माल हाती लागायचा, हे कोणत्याही वाहतूकदाराला विचारा, तो भाडे सांगेल आणि हसेल. खत करायचे तर नदीकाठीच, उंचावर, पुराच्या रेषेबाहेर करावे. कारखान्यांचे पाणी जिथे नदीत येते, तिथल्या जलपर्णीत जड धातू उतरतात, तेव्हा प्रयोगशाळेच्या तपासणीवाचून ते खत भाजीला घालू नये. जलपर्णीवर जगणारे सोंडे किडे १९८० च्या दशकात बंगळुरूच्या तलावांत सोडून चांगला उपयोग झाला होता. आपल्याकडे मात्र पूर येऊन दरवर्षी किड्यांचे बिऱ्हाड वाहून जाते आणि तणनाशकाची घाई असते. त्यामुळे त्यावर फार आशा ठेवणे आम्हांला शहाणपणाचे वाटत नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. जलपर्णीवर खर्चायचा पैसा गटाराच्या तोंडाशी खर्चावा. पण येथे एक धोक्याची सूचना. मैलाशुद्धीकरण केंद्र उभे राहिले की जलपर्णी गेली, असा समज गावोगाव पुढारी पसरवीत आहेत. साधे केंद्र घाण व दुर्गंधी कमी करते, स्फुरद मात्र थोडेच काढते. बाहेर पडणारे पाणी दिसायला स्वच्छ, पण खताने भरलेले असते. ते परत नदीत सोडले तर जलपर्णीला ते अगदी गाळून, चाळून दिल्यासारखे होईल. हे पाणी नदीत न सोडता जमिनीवर गेले पाहिजे.

आणि इथेच सर्वांत जास्त पिकणाऱ्या वनस्पती आपल्या कामाला येतात. उष्ण हवेत पाणकणीस, देवनळ यांच्या वाफ्यातून सांडपाणी फिरवण्यासाठी माणशी एक ते दोन चौरस मीटर जागा पुरते असे मानतात. म्हणजे दहा हजारांसाठी एक-दोन हेक्टर. मात्र तेवढ्या वाफ्यात वर्षाचे साडेतीन टन स्फुरद मावणार नाही. त्यापुढचे पाणी हत्तीगवताला द्यावे. बारमाही पाण्यावर हत्तीगवताची भरघोस कापणी हेक्टरी वर्षाला सत्तर-ऐंशी किलो स्फुरद उचलून नेते. सरळ भागाकार केला तर दहा हजारांच्या गावाला पन्नासेक हेक्टर चारा पुरे. मावळात दुधाचा धंदा आहे, उन्हाळ्यात वैरण बाहेरून आणावी लागते, आणि हा चारा माणूस कच्चा खात नाही, म्हणून रोगराईची भीतीही भाजीपेक्षा कमी. नदीत टनाने पिकून फेकावे लागणारे हिरवे, काठावर पेंढीने विकता येईल. अडचण एकच आहे आणि ती मोठी आहे, जमिनीची. मावळात गुंठ्याचा भाव ऐकून चारा लावायचे धैर्य कोणाला व्हावे? म्हणून विकत घेण्याऐवजी शेतकऱ्यांशी पाण्याचा करार करावा. पाणी फुकट, पाइप नगरपंचायतीचा, चारा शेतकऱ्याचा. जलपर्णीच्या एका वर्षाच्या निविदेतून किती पाइप टाकता येतील, हे नगरसेवकांनी एकदा कागदावर मांडून पाहावे.

काठाचेही पाहिले पाहिजे. भंडारा-गोंदियाकडील जुन्या मालगुजारी तलावांत बेशरमीची झुडपे माजून मासळी घटली होती. ढिवर समाजाच्या मच्छीमारांनी आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या कार्यकर्त्यांनी ती उपटून काढली आणि तलावाच्या बुडाशी देशी पाणवनस्पती मुद्दाम लावल्या. गावठी मासे परतले. तिथल्या जाणत्या लोकांना कोणते गवत कोणत्या माशाला हवे, हे तोंडपाठ आहे. मावळातील लहान पाझर तलाव आणि गावतळी यांच्यासाठी हे उदाहरण धरणांपेक्षा जवळचे आहे. या तळ्यांची पातळी धरणासारखी झपाट्याने चढत-उतरत नाही, म्हणून काठाची झाडे तिथे टिकतील. सरसकट सगळे हिरवे उपटून, काठाला दगडी पिचिंग करून, कारंजे बसवण्याची जी सुशोभीकरणाची टूम निघाली आहे, तिच्यामुळे तळ्याचे पोट रिकामे होते.

तोपर्यंत जलपर्णी काढावी लागणारच, हे आम्ही नाकारीत नाही. पण निविदेच्या अटी व्यापाऱ्याच्या नजरेने लिहाव्यात. काम मार्च-एप्रिलमध्ये नदी पूर्ण झाकल्यावर सुरू न करता डिसेंबर-जानेवारीत, गालिचा लहान असताना सुरू करावे. जे पंधरा दिवसांत दुप्पट होते, ते लवकर उचलण्यातच बचत. पैसे चौरस मीटरवर किंवा यंत्राच्या तासांवर देऊ नयेत, पूररेषेबाहेर नेऊन काट्यावर तोललेल्या वजनावर द्यावेत. तोही ओला न तोलता, चार-पाच दिवस उन्हात वाळवून. पाणी तोलून पैसे घेणाऱ्या दूधवाल्याला गिऱ्हाईक दोनदा उभे करत नाही. वाळलेल्या मालाच्या प्रत्येक पावतीवरून नदीतून किती स्फुरद निघाले हे कोणालाही काढता येईल, आणि ती पावती नगरपंचायतीच्या फलकावर लावली तर वडगावच्या बाजारात येणारा प्रत्येकजण ती वाचू शकेल. तिच्याशेजारी त्याच महिन्यात गावाने नदीत किती गोणी सुपर फॉस्फेट सोडले, तोही आकडा लिहावा.